२८/२८ रोटेशन, बायको म्युनिकला : शेंगेनचे ९० दिवस बसवायचे कसे?

आसरा चौक

नमस्कार मंडळी. नोकरी अबू धाबीच्या समुद्रातल्या रिगवर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. २८ दिवस रिगवर, २८ दिवस सुट्टी. बायको म्युनिकला सॉफ्टवेअरमध्ये, तिच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना. पासपोर्ट दोघांचेही भारतीय. लग्न सोलापुरात, महापालिकेत नोंदणी झालेली आहे.

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, १८० दिवसांत ९० च दिवस राहू देतो. दर सुट्टीला तिकडंच जायचं म्हटलं तर त्या नियमात बसतं का? माझा हिशोब असा की १८० दिवसांत निम्मे दिवस सुट्टी, म्हणजे बरोबर ९०. अर्ज मुंबईतून करायचा की अमिरातीतून? लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारचा शिक्का) लागतं म्हणे, ते सोलापुरात होतं का? की दर वेळची कटकट नको म्हणून सरळ फॅमिली रियुनियन, म्हणजे जोडीदाराकडं राहायला जाण्याचा व्हिसाच काढावा? आणि सुट्टीत तिथून लॅपटॉपवर थोडं बाहेरचं काम केलं तर चालतं का?

सात रस्ता

आधी हिशोब, कारण गडबड तिथंच आहे. निम्मे म्हणजे ९० हे सरासरीने खरं. पण नियम सरासरी बघत नाही. तुम्ही आत असलेल्या प्रत्येक दिवशी तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे, आणि त्यात आत काढलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर असे कप्पे नाहीत. खिडकी रोज एकेक दिवस पुढं सरकते.

तुमचं एक चक्र ५६ दिवसांचं. १८० मध्ये तीन पूर्ण चक्रं बसतात, ५६ गुणिले ३ म्हणजे १६८, आणि वर १२ दिवस उरतात. मेख त्या १२ दिवसांत आहे. खिडकी तुमच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी सुरू झाली तर तिच्या शेवटी उरलेले १२ दिवसही चौथ्या सुट्टीचेच असतात. म्हणजे २८ गुणिले ३ होतात ८४, अधिक १२, एकूण ९६. सहा दिवस जास्त. पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच कळत नाही. चौथ्या फेरीच्या सहाव्या दिवशी ९० पुरे होतात आणि सातव्या दिवसापासून तुम्ही बेकायदा.

आता उलटं गणित करा. ९० मधून १२ वजा केले की ७८, त्याला तिनाने भागलं की २६. म्हणजे दर सुट्टीत आत २६ दिवस, पोचल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरून. तेवढं पाळलं तर वर्षभर दर सुट्टीला गेलात तरी आकडा ९० वरच अडतो. २७ केलेत तर ८१ अधिक १२, म्हणजे ९३, की गेलं.

२६ तुम्हाला आपसूकच जमतंय. सुट्टीच्या पहिल्या दिवशी हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर, रात्रीचं विमान, दुसऱ्या दिवशी सकाळी म्युनिक. २७ व्या दिवशी परत, २८ वा दिवस आराम आणि रिपोर्टिंगला. २ ते २७ मोजा, २६ भरतात.

मात्र हे चक्र ५६ चंच राहिलं तर. मधेच कंपनीने एखादं रोटेशन २१ दिवसांवर आणलं तर सुट्ट्या जवळ येतात आणि खिडकीत जास्त दिवस घुसतात. चक्र कायमचं ४९ दिवसांचं झालं तर २६ दिवसांच्या मुक्कामाचा आकडा थेट १०४ वर जातो. रिलीव्हर आला नाही म्हणून रिगवर जास्त अडकलात तर घाबरायचं कारण नाही, त्यात दिवस वाचतातच. एखाद्या सुट्टीला सोलापूरला आलात तर एक अख्खी फेरी सुटते आणि पुढं चांगली मोकळीक मिळते. युरोपियन कमिशनच्या साइटवर फुकट कॅल्क्युलेटर आहे, तारखा टाकून तपासायचं. वहीत मांडलं तरी हरकत नाही, पण तिकीट काढायच्या आधी मांडायचं.

दुसरी गोष्ट स्टिकरची. व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यात किती दिवस. तारखा दीड महिन्याच्या असल्या आणि दिवसांच्या रकान्यात २६ असलं, तर मुक्काम २६ च. तारखांची लांबी बघून राहणारे पुष्कळ फसतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ईईएस ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आहे. ती चेहरा आणि तारखा नोंदवते. शिक्का पुसट उमटला, अधिकाऱ्याचं लक्ष नव्हतं, असली पळवाट आता धरू नका.

विजापूर रोड

अर्ज अमिरातीतूनच. शेंगेनचा नियम असा की जिथं कायदेशीर वास्तव्य, तिथल्या दूतावासाकडे अर्ज. सुट्टीला सोलापूरला आलो आहे म्हणून मुंबईत देतो म्हटलं तर आपल्या अखत्यारीत नाही म्हणून परत पाठवू शकतात.

मुंबईचा मोह का होतो तेही सांगतो. १८ एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी वेगळी सवलत आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल, म्हणजे कितीदाही ये-जा करता येणारा व्हिसा, मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. पण ती भारतात राहणाऱ्या आणि भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांना. तुमचं वास्तव्य अमिरातीचं, म्हणून तुम्हाला सर्वसाधारण जिना : दोन वर्षांत तीन व्हिसे झाले की एक वर्षाचा, मग दोनाचा, मग पाचाचा. याखेरीज वारंवार जाण्याचं खरंखुरं कारण दाखवलं तर आधीही लांब मुदतीचा मल्टिपल देण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. बायको तिथं आणि रोटेशनची नोकरी, यापेक्षा सबळ कारण काय असणार. मागायला लाजू नका. कव्हरिंग लेटरमध्ये पुढच्या सहा सुट्ट्यांच्या तारखा आणि प्रत्येकीत २६ दिवस असा तक्ताच द्या. सात रस्ता यांचं गणित तिथं कामी येईल, कारण नियम कळलेला माणूस दिसतो.

आता पासपोर्टचा प्रश्न. अर्ज दिला की पासपोर्ट तिकडं अडकतो. सुट्टीच्या सुरुवातीला दिलात तर सुट्टी दुबईत बसून जाईल. म्हणून अपॉइंटमेंट सुट्टीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतली घ्या, ठसे द्या आणि रिगवर जा. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस, ती तुमच्या २८ मध्ये आरामात बसते. मात्र काही प्रकरणं ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात, तेव्हा पहिल्या वेळी परत न होणारं तिकीट काढू नका. रिगवर पाठवताना कंपनी मूळ पासपोर्ट मागते का, हे लॉजिस्टिक्सवाल्यांना आधी विचारा. एमिरेट्स आयडीवर भागत असेल तर प्रश्न मिटला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

कागद सांगतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध, दोन पानं कोरी. एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजू. अमिरातीत एप्रिल २०२२ पासून पासपोर्टवर रेसिडेन्सीचा शिक्का मारत नाहीत, म्हणून आयसीपी या तिथल्या ओळखपत्र-रेसिडेन्सी खात्याच्या ॲपमधून रेसिडेन्सीची प्रिंट काढून जोडा. तीही परतीनंतर किमान तीन महिने चालणारी हवी. दोन वर्षांची रेसिडेन्सी संपत आली असेल तर आधी ती रिन्यू, मग व्हिसा. इन्शुरन्स ३०,००० युरोचं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, परत पाठवणीचा खर्च धरून. कंपनीचं मेडिकल कार्ड दाखवून भागत नाही, हे सगळं लिहिलेलं सर्टिफिकेट लागतं. वेगळं ट्रॅव्हल इन्शुरन्स स्वस्त पडतं, ते घेऊन मोकळं व्हा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. बँक स्टेटमेंट, पगाराचे कागद.

फी ९० युरो, शिवाय सेंटरचा चार्ज. जोडीदाराला फी माफ असते असं कुणी सांगेल. ती युरोपियन नागरिकाच्या जोडीदाराची गोष्ट. ब्लू कार्डवाल्या भारतीयाच्या जोडीदाराला नाही.

सगळ्यात मोलाचा कागद कंपनीचं पत्र, आणि तिथंच बहुतेकांचं अडतं. एचआर छापील नमुना देतं : अमुक यांना वार्षिक रजा ३० दिवस, हरकत नाही. व्हिसा अधिकारी बघतो की रजा ३० दिवसांची आणि हा माणूस दर दोन महिन्यांनी २६ दिवस मागतो. त्याला वाटतं नोकरीच खोटी. पत्रात रोटेशन २८/२८, कधीपासून नोकरी, या फेरीत कोणत्या तारखेला क्रू चेंज आणि परत कोणत्या तारखेला हजर व्हायचं, हे स्पष्ट पाहिजे. नकाराचं ठराविक कारण असतं, 'परत जाण्याबद्दल शंका'. बायकोच आत असल्यावर ती शंका तुमच्यावर दुप्पट. तिचं उत्तर म्हणजे हजर होण्याची ती तारीख.

अर्जात कारण 'कुटुंबीयांना भेट' असंच लिहा, पर्यटन नको. दुसऱ्या एखाद्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तो काढून सगळा मुक्काम म्युनिकला, हेही नको. मुख्य मुक्काम जिथं, व्हिसा त्याच देशाचा. सीमेवर विचारलं आणि पटलं नाही तर व्हिसा रद्द करू शकतात.

नकार आलाच तर पूर्वी जर्मन दूतावासाकडे लेखी फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ते बंद आहे. आता एक तर कमतरता भरून नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या कोर्टात दावा. नव्या अर्जात नकाराचं नेमकं कारण धरून एकच पान लिहा. मागचाच गठ्ठा जसाच्या तसा पाठवला की उत्तरही तसंच येतं.

कन्ना चौक

लग्नाचा दाखला मुंबईला मंत्रालयातून अटेस्ट करून मग परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल घ्या. पुण्यात एजंट करून देतात, सोलापुरातून कुरिअरने पाठवलं तरी होतं. एकदाचं करून ठेवा, कुठंही लागतं.

जुळे सोलापूर

कन्ना चौक, बाकी देशांना ठीक, पण इथं पैसे वाया. भारत अपॉस्टिल करारात २००५ साली आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. म्हणून भारतीय कागदांवरचं अपॉस्टिल जर्मनी मानत नाही. गरज वाटली तर ते त्यांच्या पद्धतीने पडताळणी करतात. आणि अमिरातीला कागद द्यायचा असेल तर तिथंही अपॉस्टिल चालत नाही, कारण तो देश करारातच नाही. तिकडं अमिरातीच्या वकिलातीचं अटेस्टेशन आणि मग तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, अशी साखळी लागते. ज्या दोन देशांशी यांचा संबंध, त्या दोन्हीकडं अपॉस्टिल बिनकामाचं. चांगला योग जुळून आलाय.

भेटीच्या व्हिसाला महापालिकेच्या दाखल्याची स्वच्छ प्रत पुरते. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी किंवा जर्मन अधिकृत भाषांतर जोडा. ज्यांची नोंदणी राहिलीय त्यांच्यासाठी : १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची, उशीर झाला तर दंड भरून होते. लग्नपत्रिका, वय आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार. साक्षीदार गावातलेच ठेवा. मुंबई-पुण्याचा मामा सहीला पुन्हा येत नाही.

नावाकडं मात्र नीट बघा. दाखल्यावर बायकोचं लग्नानंतरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, ब्लू कार्डवर पासपोर्टप्रमाणे माहेरचंच, असं हमखास असतं. त्याने अडत नाही, फक्त दाखल्यावर दोन्ही नावं दिसली पाहिजेत. आपल्याकडं तेलुगू घरांत आडनाव आधी, नाव नंतर. शाळेच्या दाखल्यापासून ते उलटसुलट होत आलेलं असतं. स्पेलिंगमध्ये एखादा एच इकडं आहे आणि तिकडं नाही, हेही नेहमीचं. पासपोर्ट दुरुस्त करायचा असेल तर तो रिइश्यूच असतो, ३६ पानांचा साधा १,५०० रुपये, सोलापूरच्या पासपोर्ट केंद्रात होतो. पासपोर्टात जोडीदाराचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नुसत्या त्यासाठी नवा पासपोर्ट काढू नका, नाही तर एमिरेट्स आयडीपासून सगळीकडं नंबर बदलत बसावं लागेल.

तिच्या बाजूचे कागद : साधं निमंत्रणपत्र, त्यात तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा आणि तुम्ही तिच्याकडंच राहणार हे. पासपोर्ट आणि ब्लू कार्डची प्रत, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, घराचा भाडेकरार. खर्चाची लेखी हमी, म्हणजे फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, तिच्या परदेशी नागरिक कार्यालयातून मिळते, फी २९ युरो. पण तुमचा पगार स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर ती लागायची नाही. जर्मनी दिवसाला ४५ युरो धरतो, २६ दिवसांचे होतात १,१७०. एवढे पगारदाराच्या खात्यात असतातच. हमी देणं म्हणजे कायदेशीर देणं डोक्यावर घेणं, उगाच कशाला घ्या. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात टाकून घेऊ नका, स्टेटमेंट महिन्यांचं असतं.

लॅपटॉपचं एका ओळीत : व्हिजिट व्हिसावर काम करायची परवानगी नसते. सुट्टी म्हणून जा, सुट्टी म्हणून राहा.

आसरा चौक

२६ चं गणित डोक्यात बसलं, आभार. पत्र बदलून घेतो. एचआरने खरंच ३० दिवसांचा नमुना दिला होता. फॅमिली रियुनियनबद्दल कुणी बोललं नाही. तो मिळाला तर ९० चा जाचच संपेल ना? आणि तिला इकडं बोलवायचं झालं तर?

सात रस्ता

९० चा जाच जर्मनीपुरता संपतो, दुसरा मागं लागतो. मिळवायला सोपा आहे : ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ए१ ही जर्मन भाषेची पहिल्या पायरीची परीक्षा लागत नाही, व्हिसाची फी ७५ युरो, कार्ड मिळालं की तिथं नोकरीचीही मुभा. सहा महिने बाहेर राहिलं की कार्ड संपतं हा सर्वसाधारण नियम, ब्लू कार्डवाले आणि त्यांचे कुटुंबीय यांना १२ महिने. तुम्ही दर दोन महिन्यांनी परत येणार, तेव्हा तिथं अडचण नाही.

अडचण टॅक्सची. हा व्हिसा एकत्र संसार करण्यासाठीचा. तुम्ही तिथं राहायला गेलात, दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद केलीत, घर दोघांचं झालं. जर्मन कायद्यात घर असणं म्हणजे टॅक्सचं वास्तव्य, आणि वास्तव्य असलं की जगभरच्या कमाईवर कर. वर्षातले १८३ दिवस भरले का, हे तिथं मुळीच विचारत नाहीत. जर्मनी आणि अमिरातीत दुहेरी कर टाळण्याचा करार होता, तो ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. म्हणजे अबू धाबीचा बिनकराचा पगार जर्मन टॅक्समध्ये येऊ शकतो, आणि आडवा यायला करार नाही. नुसत्या भेटींनी वास्तव्य होत नाही. पण नवरा-बायको वेगळे झालेले नसतील तर कुटुंब जिथं राहतं तिथं दुसऱ्याचंही घर धरायची त्यांची रीत आहे, आणि वर्षातले निम्मे दिवस तिथं काढणारा माणूस त्या रेषेच्या फार जवळ उभा असतो. म्हणून दर सुट्टीला २६ दिवस जाणार असाल तर व्हिजिट व्हिसावर असलात तरी म्युनिकमधल्या श्टॉयरबेराटरला, म्हणजे टॅक्स सल्लागाराला, एकदा पैसे देऊन विचाराच. इथल्या कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

भेटीला जाणाऱ्याने पत्त्याची नोंद करायची गरज नाही, ती परदेशात राहणाऱ्याला तीन महिन्यांच्या वर राहिल्यास लागते. काही जण उत्साहात जाऊन नोंद करून येतात, आणि मग वास्तव्य नाही असं सांगणं जड जातं.

तिच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये फुकट नाव घालता येईल असंही वाटेल. तिचा सरकारी इन्शुरन्स असला तरी ते तिथं राहणाऱ्या आणि जवळपास कमाई नसलेल्या जोडीदारासाठी. तुम्ही त्यात बसत नाही.

जाता जाता भारताचंही बघा. ३६५ दिवसांत साडेसहा चक्रं, म्हणजे सुट्टीचे १८२ दिवस. सगळ्या सुट्ट्या सोलापुरात काढल्या तर एनआरआयची १८२ दिवसांची रेषा (तितके दिवस भारतात राहिलात की करापुरते रहिवासी) बरोबर पायाखाली येते. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती रेषा १२० वर येते.

विजापूर रोड

तिला इकडं बोलवणं तर फारच सोपं, आणि लोक हेच विसरतात. भारतीय पासपोर्ट आणि युरोपियन युनियनमधल्या देशाचं रेसिडेन्स कार्ड असेल तर अमिरातीत विमानतळावर व्हिसा मिळतो. १४ दिवसांचा १०० दिऱ्हम, आणखी १४ दिवस वाढवायला २५०, किंवा सरळ ६० दिवसांचा २५० दिऱ्हम. अटी दोनच : पासपोर्ट सहा महिने वैध आणि कार्डही सहा महिने वैध. ना अपॉइंटमेंट, ना बँक स्टेटमेंट. शिवाय तुमचे ९० मधले दिवस खर्ची पडत नाहीत.

तिचं कार्ड रिन्यूला गेलं असेल तर जर्मनीत मधल्या काळाचा कागद देतात, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यावर कलम ८१ परिच्छेद ४ चा चौकोन टिक केलेला असेल तर जर्मनीत परत जाता येतं. परिच्छेद ३ चा असेल तर येत नाही. आणि कोणताही असला तरी त्या कागदावर दुबईत विमानतळावर व्हिसा मिळेल असं धरून निघू नये, तिथं कार्ड लागतं. अशा वेळी साधा ई-व्हिसा आधी काढून घ्यावा.

पासपोर्टात नुसतं एकच नाव असेल, आडनाव मुळीच नसेल, तर अमिरातीत नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसाला अडवतात. वर तेलुगू घरांचा उल्लेख झाला म्हणून आठवलं. तपासून घ्या.

तिची रजा मर्यादित. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर जर्मनीत कायद्याने वर्षाला २० दिवस, कंपन्या बहुधा जास्त देतात. तेव्हा वर्षाच्या साडेसहा सुट्ट्यांतल्या चार म्युनिकला, एक अमिरातीत ती येईल आणि एक सोलापूर, असं मांडलं तर कुठलंच गणित ताणलं जात नाही. सोलापूरची फेरी जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी टाका. पण तिचं कार्ड परतीच्या तारखेला वैध आहे ना ते बघून. भारतात अडकली तर नव्याने व्हिसा काढावा लागेल.

बाळीवेस

कागदांचं सगळं झालं, डब्याचं मी सांगतो. सोलापूरहून अमिरातीमार्गे जर्मनीला सामान जाणार असेल तर दोन कस्टम्स. अमिरातीत खसखस बेकायदा आहे, अमली पदार्थात धरतात. नुसती पुडी नव्हे, खसखस घातलेली कुठलीही गोष्ट नेऊ नका. घरचा काळा मसाला आणि येसर यांत ती असते की नाही, ते करणाऱ्या बाईला विचारूनच बॅगेत टाका. अनारसे तर नकोतच. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल यांनाही तिथं आधी परवानगी लागते.

जर्मनीला बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या इथंच खाऊन जायच्या. ताजा कढीपत्ता, ताज्या मिरच्या यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बिनधास्त. चटणी डबल पिशवीत बांधा, तेल सुटतं आणि मग चादरीला वास.

आसरा चौक

येसर आईला विचारावा लागेल. शेवटचं एक. परतीचं विमान म्युनिकहून रात्री दहाच्या सुमाराचं मिळतंय, अबू धाबीत पहाटे उतरतं. तो दिवस धरायचा का?

सात रस्ता

धरायचा. सीमेवर ज्या तारखेला बाहेर पडलात तो दिवस आतला, मग रात्रीचे दहा असोत की सकाळचे सहा. जाताना उलटं बघा. अबू धाबीहून रात्री दोनला निघून सकाळी पोचणारं विमान आणि संध्याकाळी निघून त्याच रात्री साडेअकराला उतरणारं, यात एका दिवसाचा फरक आहे. साडेअकराला उतरून रांगेत बारा वाजून गेले तर नोंद दुसऱ्या तारखेची होईल, पण त्या रांगेच्या भरवशावर २६ वा दिवस ठेवू नका. पहाटेचंच घ्या.